वैल, पेव की स्वतःचं नाव? ब्लॉगचं नाव आणि डोमेन ठरवताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तुम्ही निवृत्त झालात. माणदेशातले मागे पडलेले शब्द, स्वयंपाकघरातली जुनी भांडी, हुलग्याचं माडगं आणि शेंगोळ्यांसारखे पदार्थ यांवर नियमानं लिहायचं तुम्ही ठरवलंय. ब्लॉगसाठी तीन नावं मनात आहेत: ‘मनातलं काहीबाही’, ‘माणदेशी चूल’ किंवा सरळ स्वतःचं नाव. फुकटच्या पत्त्यावर सुरू करावं की डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, विकत घ्यावं, .कॉम घ्यावं की .इन, आणि देवनागरीतलं डोमेन चालेल का, असं विचारलंय. शेवटी एक ओळ आहे: ‘भाचा म्हणतो, तू काळजी करू नकोस, मी माझ्या खात्यावरून घेऊन टाकतो.’

मी या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. भाच्याची मदत जरूर घ्या, पण डोमेन त्याच्या खात्यावर घेऊ नका.

गेली 16 वर्षं मी मराठीत लिहिणाऱ्यांना संकेतस्थळं उभी करून देतोय. नाव चुकलं म्हणून कुणाचं लेखन बुडालेलं मी पाहिलं नाही. पत्त्याची किल्ली दुसऱ्याकडे होती म्हणून बुडालेलं मात्र पाहिलंय. एक निवृत्त शिक्षक जात्यावरच्या ओव्या गोळा करून लिहायचे. डोमेन त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानं आपल्या ऑफिसच्या ईमेलवरून घेऊन दिलं होतं, अगदी मनापासून. पुढे त्यानं नोकरी बदलली, तो ईमेल बंद झाला आणि मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पेटीत जात राहिल्या. सरांना कळलं ते एका वाचकाच्या फोनमुळे. त्यांच्या पत्त्यावर सट्ट्याच्या जाहिराती दिसत होत्या. इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवतं, त्यातून आम्ही लेख जमतील तेवढे परत काढले, पण खाली वाचकांनी लिहिलेल्या कितीतरी ओव्या गेल्या त्या गेल्याच. त्यातल्या काही म्हणणाऱ्या आजीबाई तोवर हयात नव्हत्या. तेव्हापासून मी नावाआधी हाच विषय काढतो.

डोमेन आपण कायमचं विकत घेत नाही, ते वर्षांच्या हिशेबानं आपल्या नावावर राहतं आणि एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांचे पैसे भरता येतात. .कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की नोंदणी करणारी कंपनी साधारण 45 दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते. मग 30 दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो आणि त्यात दंड बराच मोठा असतो. त्यानंतरच्या 5 दिवसांत काहीच करता येत नाही, आणि मग नाव कुणालाही मोकळं होतं. पहिल्या टप्प्यातच नाव लिलावात काढणाऱ्या कंपन्याही आहेत, म्हणून सवलतीच्या दिवसांवर विसंबू नये. खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर असावं, मोबाइल क्रमांक तुमचा असावा आणि मालकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहावं. डोमेन घेतल्यावर ईमेल पडताळणीचा एक निरोप येतो. .कॉमच्या बाबतीत 15 दिवसांत त्यावर टिचकी मारली नाही तर पत्ता बंद पडतो आणि माणूस घाबरून जातो.

आपोआप नूतनीकरणाची सोय चालू ठेवा, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. रिझर्व्ह बँकेनं 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून परस्पर कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक केले. तेव्हापासून, विशेषतः परदेशी कंपन्यांकडे, हे व्यवहार अडकतात हा माझा नेहमीचा अनुभव आहे. मी सगळ्यांना सांगतो की पहिल्याच दिवशी 3 किंवा 5 वर्षांचे पैसे भरा, आणि मुदतीची तारीख विम्याच्या हप्त्यांच्या तारखा लिहिता त्याच डायरीत लिहा. घरातल्या आणखी एका माणसाला ती डायरी कुठे असते ते ठाऊक असू द्या. इथे भाच्याचं नाव लिहा.

फुकटच्या पत्त्याबद्दल. लिहिण्याची सवय लागेपर्यंत गूगलचं फुकट ब्लॉगस्पॉट उत्तम आहे, आणि स्वतःचं डोमेन घेतलंत तरी ते ब्लॉगस्पॉटला जोडायला गूगल पैसे घेत नाही. वर्डप्रेस डॉट कॉमवर त्यासाठी पैशाची योजना घ्यावी लागते. पण पत्ता दुसऱ्याच्या दारातला असला की काय होतं, हे मराठी ब्लॉगलेखकांनी पाहिलंय. 2012 पासून काही वर्षं भारतातल्या वाचकाला प्रत्येक ब्लॉगस्पॉट ब्लॉग ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ या रूपात दिसायचा. लोकांनी तेच दुवे एकमेकांना पाठवले, दिवाळी अंकांच्या याद्यांत छापले. 2020 मध्ये ते ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ गूगलच्या हातून गेलं आणि दुसऱ्यानं नोंदवलं. ब्लॉग जागेवर होते, दुवे मेले. स्वतःचं डोमेन असतं तर खालची सोय कितीही बदलली तरी छापलेला पत्ता जिवंत राहिला असता. म्हणून तुम्ही पहिल्या दिवसापासून डोमेन घ्यावं असं माझं मत आहे. वर्षाचा खर्च एखाद्या मासिकाच्या वर्गणीएवढा येतो. फक्त पहिल्या वर्षाच्या सवलतीचा आकडा बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा दर बघा आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरा.

आता नावं.

मराठी नावाची खरी परीक्षा रोमन लिपीत होते, कारण पत्ता बहुतेक लोक रोमनमध्येच टाइप करतात आणि आपल्या भाषेचं रोमन लेखन ठरलेलं नाही. के-ए-एल-ए ही चार अक्षरं घ्या: काळा, कला, काला, कळा, यांपैकी काहीही वाचता येतं. ओ-एल म्हणजे ओळही आणि ओलही. ‘ळ’ला वेगळं अक्षर नाही, ‘ण’ला नाही. ‘व’ कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. ‘ज्ञ’ आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय लिहितात. ‘ई’साठी एक आय की दोन ई, ‘आ’साठी एक ए की दोन? 1996 पासून चालू असलेल्या ‘मायबोली’च्या पत्त्यात सुरुवातीलाच दोन ए आहेत. आज ते लोकांच्या बोटांत बसलंय, कारण वर्षानुवर्षं हजारो लोक रोज तिथे जात आले. एकट्यानं लिहिणाऱ्याला तेवढा धीर वाचक देत नाहीत.

सगळ्यात जास्त फसवतो तो न लिहिलेला ‘अ’. आपण ‘उतरंड’ म्हणतो तेव्हा ‘त’ अर्धा उच्चारतो, लिहितो मात्र पूर्ण. रोमनमध्ये ‘टी’नंतर ‘ए’ घालायचा की नाही? दहा जणांना विचारा, निम्मे घालतील, निम्मे गाळतील. दुरडी, टोपली, हुलगा, सगळीकडे हीच अडचण. म्हणून माझ्या एका मैत्रिणीची साधी कसोटी मी सगळ्यांना सांगतो: पाच माणसांना फोन करा, नाव एकदाच उच्चारा, स्पेलिंग सांगू नका, आणि त्यांना ते रोमनमध्ये टाइप करून पाठवायला सांगा. पाचपैकी चार उत्तरं सारखी आली तर नाव पत्त्यासाठी चाललं. एक पुण्या-मुंबईचा तरुण, एक तुमच्या वयाची मैत्रीण आणि एक मराठी न लिहिणारा नातेवाईक त्या पाचांत हवेतच. बडोद्याची किंवा बेळगावची आत्या, परदेशात वाढलेली पुतणी, ही सगळी तुमची वाचक होणार आहेत.

‘मनातलं काहीबाही’ या कसोटीवर टिकणार नाही. ‘मनातलं’मध्ये मधला ‘ए’ घालावा की नाही, शेवटच्या अनुस्वाराचं ‘ए’ करावं की ‘ई’, काहीबाहीत आय की डबल ई. हिशेब केला तर डझनभर रूपं होतात. आणि माझी दुसरी हरकत अर्थाला आहे. ‘काहीबाही’ म्हणजे इकडचं तिकडचं, ज्याला फारसं मोल नाही ते. तुम्ही पाठवलेला काठवटीवरचा मजकूर मी वाचला. तिच्यात पीठ मळताना भाकरीला लागणारा हात आणि परातीत मळतानाचा हात यांतला फरक तुम्ही ज्या नेमकेपणानं सांगितलाय, ते काहीबाही नाही. संकोचापोटी लेखनाला असं नाव देऊ नका. शिवाय मन, शब्द, स्पंदन, अंतरंग ही नावं मराठीत इतक्यांनी घेतली आहेत की शोधणाऱ्याला तुम्ही सापडणारच नाही.

‘माणदेशी चूल’ हे नाव कानाला फार गोड आहे, पण दोन अडचणी आहेत. म्हसवडला 1997 पासून माणदेशी महिला सहकारी बँक आहे, त्याच नावानं फाउंडेशनचं मोठं काम आहे, आणि ते ‘माण’ दोन एन घालून लिहितात. शोधणारा आधी तिथेच पोहोचेल, आणि तुमचं काम त्यांचाच उपक्रम आहे असाही समज होईल. प्रदेशाचं नाव कुणा एकाच्या मालकीचं नसतं, तरी त्याच मुलखात नामांकित असलेल्या संस्थेच्या सावलीत उभं राहू नये. (डोमेनच्या नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2004 च्या सत्यम इन्फोवे खटल्यात स्पष्ट केलंय, आणि .इनच्या तंट्यांसाठी वेगळी यंत्रणा आहे. म्हणून वर्तमानपत्र, वाहिनी, मसाल्याचा छाप यांच्या जवळपास जाणारं नाव टाळलेलं बरं.)

दुसरी अडचण अशी की ‘चूल’ तुम्हाला स्वयंपाकात बांधून ठेवील. आज भांडी नि पदार्थ आहेत. दोन वर्षांनी तुम्हाला शाळेतल्या मुलांबद्दल, दुष्काळातल्या छावण्यांबद्दल लिहावंसं वाटेल, तेव्हा काय? किर्लोस्करवाडीहून 1920 मध्ये निघालेलं पत्र ‘किर्लोस्कर खबर’ होतं, कारण ती कारखान्याची खबर होती. पुढे त्यातला मजकूर कारखान्याच्या बाहेर गेला आणि 1929 मध्ये नावातली ‘खबर’ गळाली. छापील अंकाला हे जमतं. संकेतस्थळाचं नाव बदललं की जुने सगळे दुवे नव्या पत्त्याकडे वळवावे लागतात आणि त्यासाठी जुनं डोमेनही सांभाळत राहावं लागतं. आपल्या जुन्या नियतकालिकांची नावं मला या बाबतीत शहाणी वाटतात. ‘दर्पण’ 1832 चं, ‘केसरी’ 1881 चं, ‘मूकनायक’ 1920 चं, ‘साधना’ 1948 चं. एकच शब्द, विषयाचं कुंपण नाही, पण लिहिणाऱ्याची वृत्ती पुरती दिसते. ‘मूकनायक’ हा शब्द ऐकल्यावर ते पत्र कुणासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

तुमच्याच मजकुरातून मी असे दोन शब्द वेचून ठेवलेत. पहिला ‘पेव’. धान्य साठवायची जमिनीखालची खोल जागा. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, ती अनेकांनी पाहिली असतील. जपून ठेवलेलं, टंचाईच्या दिवसांत उपयोगी पडणारं, असा त्याचा अर्थ तुमच्या लेखनाला छान बसतो. रोमनमध्येही पी-ई-व्ही, फारसा गोंधळ नाही. पण तीन अक्षरांची .कॉम नावं केव्हाच संपली आहेत, आणि ‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार आपण सहसा चांगल्या अर्थानं वापरत नाही. नाव ठरवताना त्या शब्दाभोवतीचे वाक्प्रचार उच्चारून बघावेत.

दुसरा ‘वैल’, आणि तो मला मनापासून आवडलाय. चुलीच्या बगलेचं ते तोंड, जिथे वेगळं सरपण लागत नाही. मुख्य जाळाची जी धग उरते तिच्यावर दूध, आमटी मंद शिजत राहते. नोकरी, संसार यांचा मोठा जाळ आटोपल्यावर जे इतकी वर्षं बाजूला मंद शिजत होतं तेच तुम्ही आता वाढताय. चुलीशी नातं आहे, पण विषय बांधला जात नाही. तरुण वाचकाला शब्द माहीत नसेल तर बरंच आहे, तुमचा पहिला लेख त्याच्यावरच होईल. अडचण पत्त्याची. ‘व’ डब्ल्यूनं लिहिला की इंग्रजीत तो आक्रोश होतो, व्हीनं लिहिला तर सांगितल्याशिवाय कुणी तसा टाइप करणार नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली की गाठ सुटते: ब्लॉगचं नाव आणि ब्लॉगचा पत्ता एकच असायला हवा असं कुठे लिहिलेलं नाही. नाव देवनागरीत, पानाच्या माथ्यावर, ठसठशीत. त्यात ळ, ण, ज्ञ, जे हवं ते येऊ द्या, तिथे रोमनची अडचण नाही. पत्ता मात्र असा हवा जो तुम्ही आयुष्यात कधी बदलणार नाही. तसा शब्द तुमच्याकडे आधीच आहे, तुमचं स्वतःचं नाव. तुमच्या नावाचं स्पेलिंग पासबुकावर, पेन्शनच्या कागदांवर ठरून गेलेलं आहे, आणि माजी विद्यार्थी तुम्हाला शोधणार ते त्याच नावानं. उद्या ‘वैल’ बंद करून दुसरं काही सुरू केलंत तरी पत्ता तोच राहील.

एकाच माणसानं वेगवेगळ्या लेखनाला वेगळी नावं देणं आपल्याकडे नवं नाही. राम गणेश गडकऱ्यांची नाटकं त्यांच्या नावावर आहेत, कविता गोविंदाग्रजांच्या, विनोदी लेख बाळकरामाचे. तुमच्या पत्त्याखालीही पुढे ‘वैल’ आणि शाळेच्या आठवणींचं आणखी एखादं सदर, असं सुखानं नांदू शकेल.

बायकांच्या बाबतीत एक प्रश्न मी नेहमी विचारतो: माहेरचं आडनाव की सासरचं? याचं उत्तर बाहेरच्या कुणी देऊ नये. मी एवढंच विचारीन की शाळेच्या हजेरीपटापासून आजवर लोक तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारतात आणि तुम्हाला स्वतःला लेखाखाली कोणतं नाव बघायला आवडेल. दोन्हींचं उत्तर एक असेल तर तेच घ्या. वेगळं असेल तर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचं ऐका.

.कॉम, .इन या पत्त्याच्या शेपटाविषयी फार घोळ घालू नका. नाव-आडनाव .कॉममध्ये मोकळं असेल तर घ्या, लोकांचं बोट आपसूक तिकडेच वळतं. नसेल तर .इन तितकंच चांगलं. 2005 पासून ते सर्वांना खुलं आहे आणि आपल्या देशाचं आहे. परक्या देशाचं शेपूट शोभेसाठी लावू नये. .आयओ हे हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या ब्रिटिश प्रदेशाचं आहे. ती बेटं मॉरिशसला देण्याची घोषणा ब्रिटननं 2024 मध्ये केल्यापासून त्या शेपटाच्या भवितव्याची चर्चा चालू आहे. युगोस्लाव्हियाचं .वाययू देशापाठोपाठ 2010 मध्ये पुसलं गेलं. फुकट मिळणाऱ्या .टीके, .एमएल या नावांची नवी नोंदणी 2023 मध्ये थांबली, त्यावर लिहिणारे उघड्यावर आले. हायफन आणि आकडे पत्त्यात नकोतच, फोनवर सांगताना जीव जातो.

देवनागरी डोमेन चालतं. ऑगस्ट 2014 पासून .भारत मिळतं आणि त्या पहिल्या भाषांत मराठी आणि कोकणी दोन्ही होत्या. ‘वैल’ तिथे मोकळं असेल तर मी आनंदानं घ्यायला सांगीन, पण दुसरं दार म्हणून, जे मुख्य पत्त्याकडे वळतं. यंत्र हे नाव आतून रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवतं, एक्स-एन आणि दोन आडव्या रेघा अशी त्याची सुरुवात होते. काही ठिकाणी दुवा पाठवला की तेच विचित्र रूप दिसतं आणि वाचकाला फसवणुकीचा संशय येतो. काही अर्ज तर असा पत्ता स्वीकारतही नाहीत. आणखी एक बारकावा: ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरं दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतात, दिसतात सारखी, पण यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. देवनागरी नावात ती टाळा.

हाच त्रास लेखांच्या दुव्यात होतो आणि तो फारसं कुणी सांगत नाही. शीर्षक देवनागरीत ठेवून दुवाही देवनागरीत होऊ दिला तर प्रत्येक अक्षर-मात्रेची 9 चिन्हं होतात. ‘हुलग्याचं माडगं’ या दोनच शब्दांची 126. वर्डप्रेस दुव्याचा हा भाग 200 चिन्हांवर कापतं, म्हणजे लांब शीर्षक मध्येच तुटतं. शीर्षक मराठीतच राहू द्या, दुव्यापुरते दोन-तीन शब्द रोमनमध्ये स्वतः लिहा, प्रकाशित करण्याआधी. नंतर बदललात तर आधी पाठवलेले दुवे तुटू शकतात.

या आठवड्यात एवढं करा. पाच जणांना फोन करून तुमच्या नावाचं स्पेलिंग तपासा. जो पत्ता मोकळा दिसेल तो वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा, पूर्वी तिथे कुणी जुगाराचं दुकान मांडलं होतं का ते कळेल. तसं असेल तर ते नाव सोडून द्या. मग भाच्याला शेजारी बसवा, खातं तुमच्या ईमेलवर उघडा, 5 वर्षांचे पैसे भरा, पडताळणीचा निरोप त्याच बैठकीत उघडा. पासवर्ड आणि मुदतीची तारीख डायरीत लिहा. आणि पहिला लेख काठवटीवरचा टाकणार असाल तर थांबा, तो दुसरा टाका. पहिला वैलावरचा लिहा: त्या बाजूच्या धगीवर तुमच्या आईनं काय काय ठेवलेलं असायचं, ते.